सीमाभागातून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घेताना: फी भरण्याआधीची आणि नंतरची कामे, क्रमाने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासच्या तालुक्यांतून नोकरी किंवा घर सांभाळून पदवी पूर्ण करू पाहणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडतात: पैसे आधी भरले जातात आणि चौकशी नंतर सुरू होते. उद्यमबागेत पाळीने काम करणारा तरुण असो किंवा लग्नामुळे शिक्षण अर्धवट राहिलेली निपाणीची गृहिणी असो, घरबसल्या पदवीची सोय त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे. परंतु त्या सोयीचे नियम ना मोबाइलवरच्या जाहिरातीत सांगितलेले असतात, ना प्रवेश ‘करून देणाऱ्या’ माणसाकडून नीट कळतात. त्यातच आपल्याकडे राज्याची सीमा, दोन राज्यांतील मंडळांच्या गुणपत्रिका आणि आधारवरचे वेगळे नाव अशा अडचणी आहेत, ज्यांचा पुण्या-मुंबईकडील मार्गदर्शनात विचारच नसतो.

दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश वर्षातून दोनदा, म्हणजे जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी या सत्रांसाठी होतात. पहिल्या सत्रासाठी मे महिन्यात आणि दुसऱ्यासाठी नोव्हेंबरात तयारीला लागावे. पायऱ्यांचा क्रम बदलू नये, विशेषतः तिसरी आणि चौथी पायरी उलटी करू नये.

पायरी १: दूरस्थ की ऑनलाइन, हे आधी ठरवा

हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण नियमांत ते वेगळे आहेत. दूरस्थ पद्धतीत अभ्याससाहित्य घरी येते, संपर्कवर्ग अभ्यासकेंद्रावर होतात आणि परीक्षा नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ऑनलाइन पद्धतीत व्याख्याने, स्वाध्याय आणि चर्चा विद्यापीठाच्या पोर्टलवर होतात; परीक्षा संगणकाच्या देखरेखीखाली घरून किंवा ठरलेल्या केंद्रावर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२० च्या नियमावलीनुसार दोन्ही पद्धतींची मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या महाविद्यालयीन पदवीच्या बरोबरीची धरली जाते. त्यामुळे ‘कोणती भारी’ हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

आपल्या दृष्टीने खरा फरक सीमेचा आहे. राज्य विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम स्वतःच्या राज्याबाहेर चालवता येत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातच असले पाहिजे आणि म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचे कर्नाटकात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला नाशिकचे विद्यापीठ साहजिकच जवळचे वाटते. तथापि त्याचे केंद्र बेळगाव शहरातच आहे असे कोणी सांगत असेल, तर पुढे बोलणेच थांबवावे. चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडील केंद्र घ्यायचे असल्यास कर्नाटकातील रहिवाशाला तेथे प्रवेश मिळतो का, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचावे आणि विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी घ्यावे. केंद्रचालकाचा तोंडी होकार पुढे कामाला येत नाही.

हा नियम कागदावरच राहतो, असे समजू नये. खुद्द कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाने राज्याबाहेर अभ्यासक्रम चालवल्याच्या कारणावरून यूजीसीने २०१५ मध्ये त्याची मान्यता काढली होती आणि ती २०१८ मध्ये पुन्हा मिळाली. मधल्या काळातील विद्यार्थ्यांना त्याचा त्रास सोसावा लागला. केंद्रीय विद्यापीठ असलेल्या इग्नूला, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला, देशभर केंद्रे चालवता येतात. ऑनलाइन पद्धतीच्या अभ्यासक्रमाला राज्याच्या हद्दीची अट नसल्यामुळे खानापुरात बसून देशातील कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेता येते.

इशारा: अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, वास्तुशास्त्र, कायदा, कृषी हे विषय या पद्धतींनी शिकवण्यास मनाई आहे; पीएचडीचेही तेच. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अन्न व पोषण या विषयांनाही मनाई झाली आहे. ‘काम करता करता दूरस्थ बी.ई.’ ही जाहिरात आपल्या औद्योगिक वसाहतीत अजूनही फिरते आणि डिप्लोमा झालेले फिटर, टर्नर तिला बळी पडतात. डिप्लोमाधारक कामगारांसाठी काही अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रत्यक्ष वर्गांचे वेगळे अभ्यासक्रम असतात. त्यांची चौकशी त्या महाविद्यालयातच करावी.

पायरी २: विद्यापीठ नव्हे, अभ्यासक्रम तपासा

‘विद्यापीठ यूजीसीमान्य आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. मान्यता अभ्यासक्रमाला, पद्धतीला आणि वर्षाला मिळते. एखाद्या विद्यापीठाचे दूरस्थ बी.कॉम. मान्य असेल आणि ऑनलाइन बी.कॉम. नसेल, किंवा गेल्या वर्षी मान्य असलेला अभ्यासक्रम यंदा यादीत नसेल. यूजीसीच्या डीईबी, म्हणजे दूरस्थ शिक्षण विभागाच्या, संकेतस्थळावर ही यादी असते. तेथे विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, पद्धत, शैक्षणिक वर्ष आणि सत्र या पाचही गोष्टी जुळल्या पाहिजेत. चार जुळल्या आणि सत्र जुळले नाही, तर तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी मान्य नाही. जुळल्यास त्या पानाचे तारखेसह छायाचित्र घेऊन जपून ठेवावे; काही वर्षांनी कोणी मान्यतेबद्दल विचारले तर हाच पुरावा दाखवता येतो.

भाषेची चौकशी तीन भागांत करावी. अभ्याससाहित्याची भाषा, व्याख्यानाची भाषा आणि उत्तरपत्रिकेची भाषा या वेगवेगळ्या असू शकतात. पुस्तके इंग्रजीत, व्याख्याने हिंदीत आणि उत्तरे फक्त इंग्रजीत अशी रचना काही ठिकाणी असते. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण मराठीत झालेल्या विद्यार्थ्याची गळती पहिल्याच सत्रात होते ती बहुधा यामुळे, बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे. विद्यापीठाकडे नमुना धडा आणि मागील प्रश्नपत्रिका मागाव्यात आणि दोन पाने स्वतः वाचून पाहावीत. वाचताना दर ओळीला शब्दकोश लागत असेल, तर आपल्या भाषेत उत्तर लिहू देणारा अभ्यासक्रम शोधावा किंवा प्रवेश एक सत्र पुढे ढकलून इंग्रजीची तयारी करावी.

तिसरी चौकशी मध्यस्थाची. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीने देण्यास नियमांत बंदी आहे. फॉर्म भरून देणारे सेवाकेंद्र वेगळे आणि ‘आम्हीच विद्यापीठ’ म्हणून प्रवेश देणारे दुकान वेगळे. पहिल्याला त्याच्या कामाचे पैसे द्यायला हरकत नाही. दुसऱ्याच्या पायरीवरही चढू नये.

महाविद्यालयात शिकत असतानाच दुसरी पदवी घ्यायची असल्यास यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन असे चालते. तरीही आपल्या विद्यापीठाने ते स्वीकारले आहे का, हे पाहून मगच अर्ज करावा.

पायरी ३: नाव सगळीकडे एकसारखे करून घ्या

सर्वाधिक अर्ज येथे रखडतात, म्हणून या पायरीला घाई करू नये.

समजा, कर्नाटकच्या दहावीच्या, म्हणजे एसएसएलसीच्या, गुणपत्रिकेवर नाव ‘सागर एम. पाटील’ असे आहे. आधारवर ‘सागर मारुती पाटील’, पॅनवर ‘पाटील सागर मारुती’ आणि बँकेच्या पासबुकावर नुसते ‘सागर पाटील’. घरात हा माणूस एकच आहे, पण संगणकासाठी ही चार माणसे आहेत. पुढच्या पायरीतील ओळखक्रमांक आधारवरचे नाव उचलतो, विद्यापीठ मात्र प्रवेश दहावीच्या गुणपत्रिकेवरून तपासते. दोन्ही नावे समोरासमोर आली की अर्ज ‘तपासणी प्रलंबित’ असा अडकून पडतो आणि तोवर प्रवेशाची मुदत संपलेली असते. रोमन लिपीतील एखादे ‘ए’ किंवा ‘एच’ कमीजास्त असले तरी हेच होते. आपल्या आधारवर कन्नड आणि इंग्रजी अशी दोन भाषांत नावे असतात. त्यांपैकी इंग्रजीतील नाव अक्षरनअक्षर तपासावे, कारण सगळी जुळणी त्यावरूनच होते.

दुरुस्ती पुढील क्रमाने करावी.

पहिल्यांदा दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानावी. तिच्यातील बदल शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे जातो आणि त्याला बराच काळ लागतो. ज्यांची दहावी चंदगड किंवा कागल तालुक्यात झाली आहे, त्यांचे प्रकरण कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जाईल. गुणपत्रिकेत नाव उघड चुकलेले नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

त्यानंतर आधार त्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्यावे. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. त्यामुळे ‘आता एवढे करून टाकू, पुढे बघू’ असे म्हणून अर्धवट दुरुस्ती करू नये. कोणता कागद पुरावा म्हणून चालतो, हे यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, यादीत पाहून मगच टपाल कार्यालयातील किंवा बँकेतील आधार केंद्रावर जावे. चालकाने संगणकावर टाकलेले नाव पावती छापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचावे. आपल्या मागे रांग कितीही मोठी असली तरी हे वाचल्याशिवाय उठू नये.

पॅन आणि बँक शेवटी.

विवाहित महिलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दहावी-बारावीचे कागद माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असते. आधार पुन्हा माहेरच्या नावावर नेण्याचा सल्ला सरसकट दिला जातो, पण रेशनकार्ड, बँक आणि सरकारी योजना सासरच्या नावावर असताना त्याने नवे गुंते होतात. माझ्या मते अशा वेळी विवाहनोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवून, विद्यापीठाला ईमेलने एकच प्रश्न विचारावा: पदवीप्रमाणपत्रावर कोणते नाव छापले जाईल? उत्तर आल्यावरच पुढे जावे. विवाहाची नोंदणीच झालेली नसेल, तर ती आधी करून घ्यावी.

तपासणी: दहावीची गुणपत्रिका आणि आधार टेबलावर शेजारी ठेवून नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि लिंग या चार गोष्टी दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्याव्यात. आपलेच नाव वाचताना डोळा चूक गाळून पुढे जातो.

पायरी ४: आधी एबीसी आयडी, मग डीईबी आयडी

सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या डीईबी पोर्टलवरचा विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक, सक्तीचा झाला आहे, आणि तो काढण्यासाठी एबीसी आयडी लागतो. एबीसी म्हणजे श्रेयांकांचे (क्रेडिटचे) खाते. त्याचा क्रमांक बारा अंकी असतो आणि तो डिजिलॉकरमधून काढता येतो. अपार आयडी या नावाने जो क्रमांक ऐकू येतो तो हाच. म्हणजे क्रम असा: आधारशी जोडलेला मोबाइल चालू आहे याची खात्री, डिजिलॉकर खाते, एबीसी आयडी, डीईबी आयडी आणि मग विद्यापीठाचा अर्ज.

या पायरीत तीन चुका वारंवार होतात. मोबाइल क्रमांक बंद पडलेला किंवा भावाच्या नावावरचा असतो आणि ओटीपी भलत्याच ठिकाणी जातो. काही जण पूर्वी राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयात शिकलेले असतात, तेथे त्यांचा एबीसी आयडी आधीच निघालेला असतो आणि तरीही ते नवा काढायला बसतात. डिजिलॉकर उघडून जुना आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. तिसरी चूक सर्वांत महाग पडते: सेवाकेंद्रचालक स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल टाकून खाते उघडतो. पुढची दोन-तीन वर्षे तुमच्या परीक्षेचे प्रत्येक पत्र त्याच्या फोनवर येते, आणि तो गाव सोडून गेला की खाते परत मिळवताना नाकी नऊ येतात. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी ईमेल आणि मोबाइल आपलेच असावेत आणि पासवर्ड आपल्याच वहीत लिहिलेला असावा.

पायरी ५: कागदपत्रे

दहावी व बारावी किंवा पीयूसीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, छायाचित्र आणि सही एवढे सर्वत्र लागते. महाराष्ट्रातील मंडळातून बारावी करून कर्नाटकातील विद्यापीठात जाणाऱ्यांना, किंवा याच्या उलट दिशेने जाणाऱ्यांना, स्थलांतर प्रमाणपत्र मागितले जाते. ते आधीच काढून ठेवावे, कारण प्रवेशाच्या गर्दीत मंडळाच्या कार्यालयाकडून वेळेवर मिळेलच असे नाही.

जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळतात. राज्याबाहेरील विद्यापीठासाठी अर्ज करतानाच इंग्रजी प्रत मागावी, अन्यथा नोटरीकडून प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. प्रवर्गाची खूण करताना जपावे. कर्नाटकातील २ए, ३बी हे प्रवर्ग राज्यापुरते आहेत. मराठा समाज येथे ३बी मध्ये मोडतो. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणजे केंद्राच्या ओबीसी यादीतही असेलच, असे नाही. इग्नूसारख्या केंद्रीय विद्यापीठाच्या अर्जात ओबीसीवर खूण करण्यापूर्वी केंद्राची यादी पाहावी.

सीमाभागातील ८६५ गावांतील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे, हे अनेकांना ऐकून माहीत असते. ती तरतूद दूरस्थ पदवीला आपोआप लागू होत नाही. तिच्या भरवशावर शुल्कसवलत गृहीत धरू नये.

पायरी ६: फी

येथपर्यंतच्या पाच पायऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

फी विद्यापीठाच्या पोर्टलवरूनच भरावी. पैसे भरल्यावर मिळणाऱ्या पावतीवर पैसे घेणाऱ्याचे नाव वाचावे. तेथे विद्यापीठाऐवजी एखाद्या ‘एज्युकेशन सर्व्हिसेस’चे किंवा व्यक्तीचे नाव असेल, तर तुमचा प्रवेश झालेला नाही, तुम्ही फक्त कोणाला तरी पैसे दिलेले आहेत. खऱ्या पावतीवर अर्जक्रमांक किंवा नोंदणीक्रमांक, अभ्यासक्रमाचे नाव, सत्र आणि व्यवहारक्रमांक असतो. यूपीआयने व्यक्तीच्या क्रमांकावर पाठवलेल्या रकमेचे स्क्रीनशॉट पावती ठरत नाहीत.

हप्त्यांची सोय घेताना कागद नीट वाचावा. ‘व्याज नाही, महिन्याला थोडेथोडे’ असे सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा वित्तसंस्थेचे कर्ज तुमच्या नावावर निघत असते. अभ्यास सोडला तरी हप्ते थांबत नाहीत आणि थकले तर पुढे घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागताना ते आड येतात. हप्ते विद्यापीठाला द्यायचे आहेत की वित्तसंस्थेला, हा एकच प्रश्न थेट विचारावा. शिवाय पूर्ण अभ्यासक्रमाची एकूण रक्कम, परीक्षाशुल्क वेगळे आहे का आणि प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांत किती परत मिळते, या गोष्टी भरण्याआधी लिहून घ्याव्यात.

इशारा: ‘परीक्षा न देता पदवी’, ‘मागील वर्षाच्या तारखेची पदवी’ हा सरळ गुन्हा आहे आणि त्यात पदवी घेणाराही अडकतो. याच लोकांकडून पुढे ‘पदवीसोबत घरबसल्या नोकरी’ असे आमिष येते आणि त्यासाठी अनामत मागितली जाते. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर होईल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता कमी होते.

पायरी ७: घरातील जागा, वीज आणि इंटरनेट

मध्यम दर्जाचे चित्र ठेवले तर एका तासाच्या व्याख्यानाला साधारण अर्धा जीबी डेटा लागतो. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर घरातील इतरांचाही वापर असल्यास शनिवार-रविवारच्या सलग वर्गांत तो संपतो. शहरात आणि मोठ्या गावांत फायबर जोडणी परवडते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जेथे पावसाळ्यात नेटवर्क आणि वीज दोन्ही जातात, तेथे थेट वर्गांवर विसंबून चालत नाही. ज्या विद्यापीठाची व्याख्याने ध्वनिमुद्रित स्वरूपात डाउनलोड करता येतात, तेच निवडावे. ही चौकशी दुसऱ्या पायरीतच करून ठेवलेली बरी.

विजेबाबत लोक लॅपटॉपच्या बॅटरीचा विचार करतात आणि राउटर विसरतात. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, इंटरनेट मात्र त्याच क्षणी बंद पडते. राउटरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून त्याच मापाचा छोटा यूपीएस घ्यावा. बहुतेक राउटर बारा व्होल्टचे असतात, पण न पाहता घेऊ नये, चुकीच्या व्होल्टेजने राउटर जळतो. घरी इन्व्हर्टर असल्यास राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे मुख्य स्विच बंद करून पाहावे. बऱ्याच घरांत पंखे आणि दिवे त्या लाइनवर असतात, राउटरचा प्लग नसतो.

केवळ मोबाइलवर पदवी पूर्ण होते का? व्याख्याने ऐकण्यापुरता मोबाइल चालतो. स्वाध्याय टंकलिखित करणे आणि देखरेखीखालील परीक्षा देणे यांसाठी कॅमेऱ्यासह लॅपटॉप किंवा संगणक बहुतेक ठिकाणी आवश्यक असतो. निदान परीक्षेच्या आठवड्यात तो कोणाकडून मिळेल, हे आधी ठरवून ठेवावे.

पायरी ८: पाळी, स्वाध्याय आणि तीन वेगळे फॉर्म

पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ‘रोज रात्री नऊला अभ्यास’ हे वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यातच मोडते. त्यापेक्षा पाळीनुसार दोन वेळापत्रके करावीत आणि स्वाध्यायाचे काम साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी ठेवावे. घरच्यांना ती वेळ सांगून ठेवावी. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत ‘घरीच तर आहे’ असे गृहीत धरून प्रत्येक काम त्याच वेळी पुढे येते.

ज्यांनी इग्नूला प्रवेश घेतला आहे त्यांनी पुनर्नोंदणी, स्वाध्याय सादर करणे आणि परीक्षा फॉर्म ही तीन कामे वेगळी आहेत, हे भिंतीवर लिहून ठेवावे. पुढील वर्षाची किंवा सत्राची पुनर्नोंदणी केली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला गेला, असा समज करून घेऊन कित्येकांची परीक्षा बुडते. उलट, परीक्षा चांगली जाऊनही स्वाध्याय न दिल्यामुळे निकाल अपुरा राहतो, कारण बहुतेक विषयांत ३० टक्के भार स्वाध्यायाला आणि ७० टक्के लेखी परीक्षेला असतो. जूनच्या परीक्षेसाठी स्वाध्याय साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यावे लागतात. मुदतवाढ पुष्कळदा मिळते, पण तिच्या आशेवर बसू नये. स्वाध्याय केंद्रावर दिल्यास पोच घ्यावी, पोर्टलवर चढवल्यास यशस्वी झाल्याचा संदेश जतन करावा.

पायरी ९: परीक्षा

परीक्षा केंद्रावर असेल तर फॉर्म भरतानाच आपल्या भागातील कोणती केंद्रे आहेत ते पाहावे आणि यादी उघडताच निवड करावी. उशीर केल्यास जागा भरून लांबचे केंद्र वाट्याला येते. कारखान्यातील रजेसाठी वेळापत्रकाची छापील प्रत लावून अर्ज द्यावा.

घरून देखरेखीखाली परीक्षा देणाऱ्यांनी सराव चाचणी चुकवू नये. त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच लॅपटॉपवर ती द्यावी. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो, म्हणून प्रकाश समोरून यावा. खोलीत दुसरी व्यक्ती आली, चेहरा पडद्याबाहेर गेला किंवा बोलण्याचा आवाज आला की यंत्रणा त्याची नोंद घेते. आठ वर्षांचा मुलगा ‘आई, चहा झाला का’ म्हणत आत आला तरी नोंद होतेच. दाराला आतून कडी लावावी. गल्लीत लग्नाची डॉल्बी लागणार असेल तर त्या दिवसापुरती नातेवाइकांकडील शांत खोली पाहावी, पण तेथील इंटरनेट आदल्या दिवशी तपासावे. वीज किंवा इंटरनेट गेल्यास घाबरून लॅपटॉप बंद करू नये. वेळ लिहून ठेवावी, पडद्याचे छायाचित्र घेण्यास परवानगी असल्यास घ्यावे आणि दिलेल्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही.

पायरी १०: निकालानंतर

तात्पुरते प्रमाणपत्र हाती आले की नावातील प्रत्येक अक्षर पुन्हा गुणपत्रिकेशी ताडून पाहावे. मूळ पदवीप्रमाणपत्र छापण्यापूर्वी दुरुस्ती सोपी असते, छापल्यावर वेगळा अर्ज आणि शुल्क लागते. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये दिसतात का, हे पाहावे. दिसत नसल्यास विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला एबीसी आयडी कळवून पाठपुरावा करावा.

नोकरीच्या अर्जात शिक्षणाची पद्धत विचारली असेल तर दूरस्थ किंवा ऑनलाइन असे खरे लिहावे. नियमाने पदवी बरोबरीची असताना ‘नियमित’ असे खोटे लिहिणे म्हणजे नसलेला दोष अंगाला लावून घेणे होय. घरून काम देणाऱ्या कंपन्या नेमणुकीनंतर पदवीची पडताळणी त्रयस्थ संस्थेमार्फत करून घेतात. त्यांची विचारणा ईमेलवर येते आणि उत्तराला थोडेच दिवस मिळतात. नोंदणीक्रमांक, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, फीच्या पावत्या आणि दुसऱ्या पायरीत जपून ठेवलेले मान्यतेचे पान, हे सगळे एकाच फोल्डरमध्ये मोबाइलवर आणि ईमेलमध्ये असे दोन ठिकाणी ठेवावे.